औषधाची लाज, चालण्याचा कंटाळा

‘गोळी एकदा सुरू झाली की मरेपर्यंत सुटत नाही, तेव्हा ती सुरूच न केलेली बरी,’ हे वाक्य आज आपल्या समाजात सुभाषितासारखे फिरत आहे. गिरगावच्या वाडीत ते ऐकू येते, परळ-लालबागच्या चाळीत ऐकू येते, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या घोळक्यात ऐकू येते. कधी कधी तर ज्या घरी सांत्वनासाठी माणसे जमलेली असतात, आणि घरचा कर्ता पुरुष पन्नाशी ओलांडताच हृदयविकाराच्या झटक्याने गेलेला असतो, त्या घराच्या ओसरीवरही ते दबक्या आवाजात उच्चारले जाते. बोलणारा शहाणा ठरतो. त्याला कोणी उलट विचारीत नाही की बाबा रे, चष्मा तरी एकदा लागला की कुठे सुटतो? मग चष्म्याची भीती आपल्याला का वाटत नाही?

या सुभाषिताला एक जुळा भाऊ आहे. तो म्हणतो, ‘मी गोळी घेतो ना, मग वाढ आणखी एक पळी सोरपोतेल!’ पहिल्याला औषधाची लाज वाटते, दुसऱ्याला चालण्याचा कंटाळा आहे. वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात. आमच्या मते ते एकाच चुकीच्या प्रश्नाची दोन उत्तरे देत आहेत. तो प्रश्न म्हणजे ‘कोलेस्टेरॉलसाठी गोळी की पथ्य?’ हा प्रश्नच खोटा आहे, आणि तो खोटा असल्यामुळे माणसे मरत आहेत, असे आम्ही येथे कोणतीही भीड न ठेवता म्हणणार आहोत.

प्रथम ज्यावर वाद नाही ते मांडू. सन २००४ मध्ये ‘इंटरहार्ट’ नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ देशांतील, पहिल्यांदाच हृदयविकाराचा झटका आलेल्या हजारो रुग्णांची तुलना निरोगी माणसांशी त्यात केली होती. झटक्यांच्या कारणांपैकी सुमारे ९० टक्के भाग नऊ गोष्टींनी उलगडतो, असे त्यातून दिसले. रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण आणि धूम्रपान या त्यांतील सर्वांत वजनदार दोन. बाकीच्या म्हणजे रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाशी निगडित सवयी. आपल्यासाठी अधिक बोचरी गोष्ट पुढेच आहे. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो, आणि जगातील इतरांना त्याहून साधारण सहा वर्षे उशिरा. सहा वर्षे म्हणजे एका मुलाचे शिक्षण पूर्ण होण्याचा काळ. मुलीच्या लग्नात बाप वेदीपर्यंत तिच्याबरोबर चालत जाणार की त्याची तसबीर हार घालून भिंतीवर असणार, हे या सहा वर्षांत ठरते.

आता गोळीविषयी. ‘ही सगळी रसायने, निसर्गाच्या विरुद्ध,’ असा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही आपल्याच परळची एक गोष्ट सांगू इच्छितो. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. आपल्याकडे सर्पगंधा ही वनस्पती पिढ्यान्पिढ्या वैद्यांना माहीत होती. वकिलांनी तिचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर वापर केला, मोजमाप ठेवले, आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या लेखामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली तेव्हा त्याच वैद्यकाने सर्पगंधेला मागे सारले. या गोष्टीतून घेण्यासारखा बोध असा की, ‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ अशी भिंत वैद्यकात नसते. तेथे मोजलेले आणि न मोजलेले असा भेद असतो. मूळ जंगलातले असो वा कारखान्यातले, त्याने किती रुग्णांना किती गुण आला आणि किती अपाय झाला, एवढेच विचारायचे असते.

कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गटातील गोळ्यांचा जन्मही असाच मातीतला आहे. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हजारो बुरशा तपासल्या आणि क्योटो येथील एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या बुरशीत हवे ते द्रव्य त्यांना सापडले. त्या वाटेने पुढे गेलेली पहिली गोळी, लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे जिला आपण ‘इंग्रजी औषध’ म्हणून नाक मुरडतो तिची आजी तांदळाच्या पोत्यात होती!

ही गोळी करते काय? आपल्या शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग ताटातून येत नाही. तो शरीर स्वतः तयार करते, आणि त्या कामात यकृत प्रमुख आहे. गोळी यकृतातील हे उत्पादन मंदावते. मग यकृताला स्वतःची गरज भागविण्यासाठी रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, ओढून घ्यावे लागते. रक्तातून ते ओढून घेणारी पेशींची व्यवस्था कशी चालते याचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघा शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘तेल सोडले, अंडे सोडले, तरी रिपोर्ट का सुधारत नाही?’ असे हताशपणे विचारणाऱ्या माणसाला खरे उत्तर येथे मिळते. त्याचा संयम कमी पडलेला नसतो. त्याच्या यकृताचा कारखानाच वारशाने जोरात चाललेला असतो.

आणि गुण किती? सन १९९४ मध्ये उत्तर युरोपातील देशांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिनची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली. पोकळ गोळीवाल्यांत २५६ जण मरण पावले, औषधवाल्यांत १८२. हा फरक ७४ माणसांचा आहे. ‘गोळीने काही होत नाही’ असे जे म्हणतात, त्यांनी ही ७४ माणसे एका रांगेत उभी आहेत अशी कल्पना करावी आणि मग तेच वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणून पाहावे. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो की, एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात.

मग अपायाचे काय? तेही लपवायचे कारण नाही. याच गटातील सेरिव्हास्टॅटिन ही गोळी स्नायूंच्या गंभीर हानीमुळे २००१ मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली. आज वापरात असलेल्या गोळ्यांनी तसा धोका क्वचितच संभवतो, पण स्नायू दुखतात अशी तक्रार पुष्कळ जण करतात. मधुमेहाकडे झुकलेल्या माणसात तो थोडा लवकर प्रकट होऊ शकतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर त्यांत मधुमेहाचा एक जादा रुग्ण निघतो. गरोदर स्त्रीने किंवा मूल व्हावे असा विचार करणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांना तसे आधीच सांगितले पाहिजे. हे सर्व खरे आहे. पण त्याचबरोबर २०२० मध्ये लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगाचेही ऐकावे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले गेले. कोणत्या महिन्यात कोणती गोळी, हे त्यांना ठाऊक नव्हते. खऱ्या गोळीने जो त्रास जाणवला त्यातील सुमारे ९० टक्के त्रास पोकळ गोळीनेही जाणवला! याचा अर्थ ती माणसे खोटे बोलत होती असा नाही. दुखणे खरे होते. फक्त ते औषधातून कमी आणि औषधाच्या भीतीतून जास्त येत होते. आणि ही भीती कोण पेरतो? चर्चच्या आवारातील तो सुभाषितकार!

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही औषध कंपन्यांची वकिली करीत आहोत. तसे नाही. आमच्या तक्रारीचा दुसरा रोख तेवढाच तीव्र आहे.

एके काळी गिरणगावातला माणूस पायी गिरणीत जाई, पाळीभर साच्यापाशी उभा राही, चाळीचे तीन मजले चढून घरी येई. ते दिवस आरोग्याचे होते असा खोटा गहिवर आम्हांला काढायचा नाही. कापसाच्या तंतूंनी फुप्फुसे पोखरली जात होती आणि क्षय घरोघर होता. पण हाडाला कष्ट होते, आणि ताटातला भाताचा ढीग, नारळाचे वाटण, तळलेला बोंबील त्या कष्टांत जिरत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते जगणे पुन्हा उभे राहिले नाही. कष्ट गेले, ताट मात्र तसेच राहिले. उलट ते वाढले. पूर्वी सणाला होणारे डुकराचे मटण आता दर रविवारी होते. नाताळ आणि ईस्टर वर्षातून एकेकदाच येतात, पण बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, साखरपुडा, रोस, लग्न, लग्नाचे पंचविसावे वर्ष, आणि आता प्रत्येकाचा वाढदिवस, अशी सणांची मालिका तुटतच नाही. कष्टकऱ्याचे जेवण आणि कारकुनाचे बसणे, हे आपले आजचे जीवन आहे. ते कोणत्याही गोळीला पेलणारे नाही.

बसण्याने काय होते, हे जगाला प्रथम एका बसनेच शिकविले. सन १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांच्या मानाने, दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार बराच कमी होता. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाची मापे तपासून दाखविले की चालक मुळातच कमरेने अधिक रुंद होते. म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरीही व्यायाम आणि हृदय यांचा संबंध तेव्हापासून शास्त्राच्या दप्तरी लागला. आपल्या मुंबईतही १९३७ पासून दुमजली बस धावत होत्या. बेस्टची शेवटची जुनी डिझेल दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली, तेव्हा आपण हळहळलो. तिच्या जिन्यासाठी हळहळणारे आपण आपल्या इमारतीचा जिना मात्र किती वेळा चढतो? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या होत्या. त्यांच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत आणि उद्वाहक आपल्याला थेट दारात नेऊन सोडणार आहे. मोठे घर मिळाले याचा आनंद आम्हांलाही आहे. पण चाळीने न मागता दिलेला व्यायाम आता मागून, ठरवून, वेळ काढून घ्यावा लागेल.

परंतु व्यायामाची आरती ओवाळणाऱ्यांनाही सत्य ऐकावे लागेल. चालण्याने रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात येते, पोट कमी होते, ट्रायग्लिसराइड नावाची चरबी घटते, मन शांत होते, झोप येते. पण एलडीएल केवळ चालण्याने फारसे उतरत नाही. आहार बदलल्याने, म्हणजे तूप, लोणी, वनस्पती, मांसाची चरबी, नारळ यांचा हात आखडता घेतल्याने आणि डाळी, भाज्या, फळे, सुका मेवा वाढविल्याने, ते साधारण १० ते १५ टक्के उतरू शकते. मध्यम मात्रेची स्टॅटिन गोळी ते ३० ते ५० टक्के उतरविते आणि मोठ्या मात्रेची ५० टक्क्यांहून अधिक.

आता एक साधा हिशेब मांडू. एका गृहस्थाला झटका येऊन गेला आहे आणि त्याचे एलडीएल १४० आहे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार अशा अतिधोक्याच्या माणसाचे एलडीएल ५५ च्या खाली हवे. केवळ कडक पथ्याने ते १५ टक्के उतरले तर ११९ होईल. केवळ मोठ्या मात्रेच्या गोळीने निम्मे झाले तर ७०. पथ्य आणि गोळी दोन्ही असतील तर ११९ चे निम्मे, म्हणजे साठाच्या घरात, आणि तेथून उरलेला टप्पा गाठण्यासाठी डॉक्टर आणखी एखादे औषध जोडू शकतील. आता सांगा, ‘गोळी की पथ्य’ या प्रश्नाला काही अर्थ उरला का? गोळीवाचून पथ्य येथे पांगळे आहे, आणि पथ्यावाचून गोळी अर्धवट.

उलट दुसरे उदाहरण घेऊ. चाळिशीतली एक गृहिणी आहे. रक्तदाब नाही, मधुमेह नाही, घराण्यात कोणी लहान वयात हृदयविकाराने गेलेले नाही. तिचे एलडीएल १२५ आहे. तिच्यापुरते ते शंभराच्या खाली असलेले बरे. पण तिला आजच गोळीची घाई नाही. तिने काही महिने मनापासून आहार सांभाळावा, चालावे, पुन्हा रक्त तपासावे आणि मग डॉक्टरांशी बोलावे. तपासणीच्या कागदावर आकड्याशेजारी तांबडी खूण दिसली की स्वतःच औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्या आणणे हा शहाणपणा नव्हे. आणि दोन मिनिटांत गोळी लिहून देऊन ‘घरी तेल किती लागते?’ हे न विचारणारा डॉक्टरही आपल्या कर्तव्याला पुरा उतरत नाही. तेलाचा हिशेब सोपा आहे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी दिवसाला ४० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे आठ चमचे तेल पोटात जाते. ते निम्म्यावर आणायला कोणत्याही पदवीची गरज नाही. लागते ती बाजारातून डबा लहान आणण्याची.

गोळी नक्की कोणाला टाळता येत नाही, हेही स्पष्ट बोलू. ज्याला एकदा झटका वा रक्त गोठून पक्षाघात झाला आहे, ज्याच्या हृदयात स्टेंट बसविला आहे किंवा ज्याची बायपास झाली आहे, ज्याचे एलडीएल १९० च्या वर आहे, आणि चाळिशी उलटलेले बहुतेक मधुमेही. यांनी ‘आधी पथ्य करून पाहतो’ असे म्हणणे म्हणजे घराला आग लागली असता विहीर खोदायला घेणे होय. जगात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एक जण असा असतो की त्याचे कोलेस्टेरॉल आईच्या वा बापाच्या रक्तातूनच जन्मतः चढलेले येते. तो कितीही बारीक असो, कितीही धावो, त्याला औषध लागतेच. अशा माणसाला ‘तू नीट पथ्य करीत नाहीस’ म्हणून बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय क्रौर्यही आहे.

येथे आपल्या घरांतील एक ठेवा उपयोगी पडेल. आपल्याकडे मयताच्या महिन्याच्या मिस्साला स्मरणकार्डे वाटतात. ती आपण प्रार्थनापुस्तकात जपून ठेवतो. एके संध्याकाळी ती सर्व बाहेर काढावीत, आपल्या रक्ताच्या नातेवाइकांची वेगळी करावीत आणि जन्म-मृत्यूच्या तारखांवरून वये मोजावीत. बाप-भाऊ ५५ च्या आत किंवा आई-बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने गेलेली असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. मृतांच्या आत्म्यांसाठी आपण प्रार्थना करतोच. त्यांच्या मृत्यूकडून आपण काही शिकलो तर त्यांच्या स्मरणाला तीही एक मानवंदना होईल.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. काही प्रार्थनासभांतून, विशेषतः आरोग्यदानाच्या सभांतून, ‘माझ्या गोळ्या मी फेकून दिल्या, प्रभूने मला बरे केले,’ अशा साक्षी टाळ्यांच्या गजरात दिल्या जातात. प्रभूच्या सामर्थ्याविषयी आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती टाळ्यांविषयी. कोलेस्टेरॉल दुखत नाही. ते वाढले तरी कळत नाही आणि उतरले तरी कळत नाही. मग ‘बरे वाटते’ ही साक्ष कशाची? सभेला बसलेला दुसरा एखादा हृदयरुग्ण घरी जाऊन आपलीही डबी कचऱ्यात टाकतो, त्याची जबाबदारी कोण घेणार? रोमच्या श्रद्धा-सिद्धांत परिषदेने १४ सप्टेंबर २००० रोजी आरोग्यदानाच्या प्रार्थनांविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत प्रार्थनेमुळे औषधोपचार वर्ज्य ठरत नाहीत, उलट त्यांना उत्तेजनच मिळते, अशी भूमिका घेतली आहे. बेन सिराच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय तर वैद्य, औषध आणि प्रार्थना या तिघांनाही एकाच श्वासात मान देतो. जो ग्रंथ आपल्या बायबलमध्ये आहे, तो आपण कधी उघडणार?

औषधाची लाज हीदेखील एका विपरीत धार्मिकतेतून येते, असे आम्हांला वाटते. गोळी लागली म्हणजे आपण खादाड ठरलो, आपल्यात मनोनिग्रह नाही हे जगाला कळले, अशी ती भावना असते. म्हणून डबी लपविली जाते, आणि लपविलेली डबी हळूहळू विसरली जाते. अधाशीपणा हे पाप आहे, पण यकृताचा वारसा हे पाप नाही. उपवासकाळ आपल्याला दिला आहे तो संयमासाठी. त्यात राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस पोटाला चिमटा घेऊन पाळायचे आणि ईस्टरच्या सोमवारपासून सारे भरून काढायचे, असा व्यवहार त्यात अभिप्रेत नसावा.

टीका पुष्कळ झाली. आता आम्ही काय मागतो ते सांगणे प्राप्त आहे.

दादर, परळ, लालबाग, गिरगाव येथे ‘चाला’ असे सांगणे सोपे आहे, पण चालायचे कोठे? शिवाजी पार्कचा कट्टा सर्वांच्या वाट्याला येत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरणगावच्या म्हाताऱ्यांची बाग अशी कागदावरच सुकली. परंतु जी जागा आपल्या हाती आहे तिचे काय? आपल्या चर्चची आवारे या दाटीवाटीच्या वस्तीतील दुर्मीळ मोकळ्या जागा आहेत. त्यांतील अनेकांत आज मोटारी उभ्या असतात. सकाळी मिस्साआधी एक तास आणि संध्याकाळी एक तास ही आवारे मोटारींपासून मुक्त ठेवावीत आणि जातीधर्माचा भेद न करता शेजाऱ्यांनाही चालण्यासाठी उघडावीत, अशी आमची धर्मगुरूंना आणि पॅरिश कौन्सिलांना जाहीर विनंती आहे. आठवड्याला दीडशे मिनिटांचे चालणे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चालले की ते भरते. जपमाळ हातात असली तरी पाय थांबत नाहीत.

दुसरी मागणी. पॅरिशच्या सणाच्या जेवणात तळणाचा एकच पदार्थ असावा आणि भाज्या-फळे शोभेपुरती नसावीत. सोरपोतेलावर बहिष्कार घाला असे आम्ही म्हणत नाही. त्याला त्याचा सण परत द्या, एवढेच म्हणतो. तिसरी मागणी अशी की, आरोग्य शिबिरात रक्त तपासून चिठ्ठी हातात देण्यावर काम संपू नये. तीन महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा बोलावून आकडा पाहावा. ज्याला गोळी परवडत नाही त्याला जनऔषधी दुकानाची किंवा पालिका रुग्णालयाची वाट दाखवावी. या गोळ्या आज अनेक कंपन्या बनवितात आणि साध्या नावाने घेतल्या तर त्या पुष्कळ स्वस्त पडतात.

आणि एक मागणी वाचकांकडे. आपल्या घरात, आपल्या मजल्यावर, असा कोणीतरी आहे ज्याने स्टेंटनंतर किंवा झटक्यानंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या गुपचूप बंद केल्या आहेत. बहुधा ते पप्पा असतील, किंवा मोठे अंकल असतील, किंवा ‘मला काय झालंय?’ म्हणणारी आई असेल. त्यांना रागावू नका, उपदेश करू नका. डबी कोठे आहे, एवढेच विचारा. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा, शक्य असेल तर पायी जा, आणि गोळी बंद करायची की मात्रा बदलायची, हे तेथे ठरू द्या. आवारातल्या सुभाषिताने ते ठरू देऊ नका.